ते धरत नाहीत

डॉक्टर हंगरगे चष्म्यावरून बघत म्हणाले,
"साखर दोनशे चौदा. रोज तीस मिनिटं चाला."
मी म्हटलं, "सायेब, पहाटे चारला उठते,
अडतीस डबे भरते पोरांचे,
ओट्यापासून मोरीपर्यंत दिवसभर पायावरच असते की."
ते म्हणाले, "ते धरत नाहीत."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात.
बावीस वर्षं पोळपाटापुढं उभी,
टाचेला भेगा, पोटरीवर निळ्या शिरा.
हे कुठल्याच वहीत नाही म्हणायचं.

मग घरात तीस मिनिटं शोधली.
कणकेच्या परातीखाली पाहिलं,
डाळीच्या डब्यात हात घालून पाहिलं.
दुपारी दोन ते अडीच सापडली होती,
ती सासऱ्यांच्या औषधाची निघाली.
रात्री दहानंतरची होती थोडी,
झोपेनं ती आधीच उचल म्हणून नेलेली.
नळ येतो आठ दिवसांनी;
त्या दिवशी तर मिनिटंसुद्धा
घागरीत भरून ठेवावी लागतात.

लेकीनं फोनमध्ये पावलं मोजायचं काहीतरी टाकून दिलं.
पहिल्याच दिवशी तीन हजार!
शेजारणीला दाखवलं, लेकीला कळवलं.
मागून उमगलं,
गंजगोलाईहून भाजीची पोती आणताना
रिक्षा खड्ड्याखड्ड्यातून उडत होती
आणि मशीन ते धरत होतं.
माझ्या वाटचं महापालिका चालली.

आषाढ सरता सरता माणिक, डबे पोचवणारा,
सासुरवाडीला चाकूरला गेला तो आठ दिवस.
सायकल मला येत नाही.
लांबचे डबे पुतण्यानं स्कुटीवर नेले,
जवळचे बारा माझ्याकडं.
दोन्ही हातांत सहा-सहा,
जायला अकरा मिनिटं,
यायला नऊ.

गल्लीभर क्लासच्या पाट्या,
पाटीवर पोरांचे चेहरे,
चेहऱ्यापेक्षा गुणांचे आकडे मोठे.
हीच पोरं माझं वरण खातात
आणि मी त्यांना आज पहिल्यांदा बघत होते.

शेवटचा डबा अयाजचा. तिसरा मजला.
खोलीत नाही. गच्चीवर पुस्तक धरून
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत.
"काय करू लालास रे?"
"पाठ करू लालोय काकू. बसलं की झोप येती."
ह्याचाच डबा निम्मा परत यायचा.
मी महिनाभर मिठाला दोष देत होते.
"भाजी चांगलीच असती," म्हणाला, "टाईमच नाही."

मी डब्याचं झाकण उघडलं.
"बस. चार घास खा.
तोवर तुझ्या वाटचं मी चालते."

स्लॅब अजून तापलेला, चपला काढल्या नाहीत.
तो खाता खाता पाठ म्हणत होता,
मधेच थांबून मला सांगितलं,
"एका पायात सव्वीस हाडं असतात, काकू."
"असतील," मी म्हटलं, "रात्री सगळी हजेरी देतात."
तो हसला. ठसका लागला.
पाणी प्यायला, पुन्हा म्हणू लागला.
कठड्यापासून कठड्यापर्यंत वीस पावलं.
किती फेऱ्या झाल्या, फोन घरीच राहिलेला.

माणिक परत आला.
मी म्हटलं, "जवळचे बारा माझे."
त्याचा चेहरा उतरला. "पगार कापू लालाव का मावशी?"
"नाही बाबा. तू उदगीरकराचा डबा विसरतोस,
भाकरी गार झाल्यावर नेतोस, म्हणून."
खरं कारण सांगितलं नाही.
ते सांगताना मलाच हसू आलं असतं.

दोन महिन्यांनी हंगरगे.
"चालता का?"
"अकरा नि नऊ. दोन वेळा."
"हातात काही असतं?"
"जाताना बारा डबे."
पेन टेबलावर टकटक करत राहिले.
साखर बघितली, परत माझ्याकडं बघितलं.
"बरं," म्हणाले, "येतानाचं धरू."

जातानाचं
मी घरी दुधाच्या वहीत लिहिते.